डोरोथीला झोप का येत नव्हती?
(सल्ला केंद्रांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



काल रात्री जेवणं उरकल्यावर आपण जो सिनेमा पाहिला, त्याच्यावर आज सकाळी बोलायचं असं ठरलं आहे. सिनेमा इंग्रजी, आणि तोही लहान मुलांसाठी काढलेला. बोलणारी कोंबडी, किल्ली दिली की चालणारा पितळी शिपाई, भोपळ्याच्या डोक्याचा माणूस. "हे सल्ला केंद्रांच्या शिबिरात कशाला?" असं दोघीतिघींनी मला कालच विचारलं. मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होते, त्याने थोडा रसभंगही झाला असेल. पण एकदा त्या पोरीला दवाखान्यातल्या गाडीवर झोपवून पट्टे बांधले, त्यानंतर खोलीत कुणी चुळबूळ केली नाही, हे मी पाहत होते.

आधी थोडी माहिती देते. 'रिटर्न टू ओझ' हा सिनेमा १९८५ साली डिस्ने कंपनीने काढला. दिग्दर्शक वॉल्टर मर्च. हा मुळात ध्वनी आणि संकलनातला मोठा माणूस. पूर्ण लांबीचा कथापट त्याने दिग्दर्शित केला तो हा एकच. डोरोथीचं काम फेरुझा बाल्क या दहा वर्षांच्या मुलीने केलं. सिनेमा पडला. अडीच कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला आणि अमेरिकेत त्याच्या निम्मेही पैसे आले नाहीत. मुलांसाठी फार भीतिदायक आहे, अशी त्याच्यावर टीका झाली. पुढे व्हिडिओवर तो घरोघरी गेला आणि तेव्हाच्या मुली मोठ्या झाल्यावर त्याच्याविषयी वेगळं बोलायला लागल्या. मीही त्याच्याकडे उशिरा आले. सल्ला केंद्रात काम करायला लागल्यावर पाहिला, त्यामुळे माझं पाहणं सुरुवातीपासूनच थोडं वाकडं आहे.

लोकांची निराशा का झाली ते समजून घेतलं पाहिजे. १९३९ साली 'द विझर्ड ऑफ ओझ' नावाचा सिनेमा आला होता, ज्यूडी गार्लंडचा, गाण्यांचा, रंगीत. अमेरिकेत तो घराघरात पाठ आहे. त्यात कॅन्ससच्या माळावरची डोरोथी वादळाने उडून ओझ नावाच्या अद्भुत देशात जाते, आणि शेवटी कळतं की तिला डोक्याला मार लागला होता, ते सगळं स्वप्न होतं. घरातली मंडळी बिछान्याभोवती उभी राहून हसतात, आणि तीही घरासारखं काही नाही म्हणते. एल. फ्रँक बॉमने १९०० साली लिहिलेल्या मूळ पुस्तकात मात्र ते स्वप्न नाही. तिथे ओझ खरं आहे, डोरोथी खरोखर जाऊन येते. इतकंच काय, १९१०च्या एका पुस्तकात शेतावरचं कर्ज फिटत नाही म्हणून काका आणि मावशीसुद्धा कायमचे ओझला राहायला जातात. म्हणजे पोरीचं म्हणणं खरं होतं. ते खोटं ठरवलं सिनेमाने, एकोणचाळीस वर्षांनी.

१९८५चा सिनेमा बॉमच्या दुसऱ्या दोन पुस्तकांवर, १९०४ आणि १९०७ सालच्या, बेतलेला आहे. पण त्याची सुरुवात बॉमच्या कुठल्याच पुस्तकात नाही. ती मर्च आणि गिल डेनिस या दोघा लेखकांनी रचली. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: अशा देशातून परत आलेली मुलगी घरी येऊन ते सांगायला लागली, तर घरचे तिचं काय करतील?

उत्तर आपण काल पाहिलं. साल १८९९, ऑक्टोबर महिना. वादळाला सहा महिने झाले आहेत. नवं घर अर्धवट, थंडी तोंडावर आलेली, हेन्री काका खचून बसलेले. डोरोथीला रात्री झोप येत नाही. ती ओझबद्दल बोलत राहते. तिला एक किल्ली सापडते. ती म्हणते ही ओझहून आली आहे, मावशी म्हणते ही आपल्या जुन्या घराची किल्ली. आणि मग एम मावशी तिला घोडागाडीत घालून डॉक्टर वर्लीकडे नेते. (इंग्रजीत मावशी, आत्या, काकू सगळ्यांना एकच शब्द. मी मावशी म्हणते, कारण आपल्याकडे असल्या कामाला बहुतेक वेळा मायेचंच माणूस पुढे केलं जातं.)

डॉक्टर वर्ली वाईट बोलत नाही. गोड बोलतो. नवं शतक येतं आहे, विजेचं युग येतं आहे, मेंदू म्हणजे एक यंत्र आहे, त्यातला जादा प्रवाह आपण काबूत आणू. डोरोथीला तो आपल्या यंत्राचा चेहरा दाखवतो. हे बघ डोळे, हे बघ नाक. मुलीशी कसं बोलावं हे त्याला चांगलं कळतं. फक्त ती काय सांगते आहे ते ऐकायची त्याला गरज वाटत नाही. आजार काय, हे मावशीने आधीच सांगितलेलं आहे: झोपत नाही, आणि नसलेल्या गोष्टी बोलते.

इथे मी थांबते, कारण याच ठिकाणी हा सिनेमा आपल्या कामात येतो.

आमच्या केंद्रात एक बाई आली होती. नाव-गाव सांगत नाही, तपशीलही बदलले आहेत. लग्नाला नऊ वर्षं झालेली. सासरी एकाच घरात दीर. नवरा रात्रपाळीला गेला की दीर खोलीच्या दारात येऊन उभा राहतो, असं ती सांगत होती. सासूला सांगितलं, नणंदेला सांगितलं, शेवटी नवऱ्याला सांगितलं. कुणाला पटलं नाही, म्हणजे कुणाला पटवून घ्यायचं नव्हतं. तिने रात्री झोपणं बंद केलं. दाराला पेटी लावून जागी बसायची. मग नवऱ्याने तिला डॉक्टरकडे नेलं. बोलला नवरा: झोपत नाही, संशय घेते, एकच एक बडबडते. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरने तिला एकटीला बसवून "तुम्ही का झोपत नाही?" एवढं विचारलं असतं तरी पुढचं कदाचित टळलं असतं. दीड वर्षाने नवऱ्याने घटस्फोटाचा दावा लावला, हिंदू विवाह कायदा, कलम १३, मनोविकाराचं कारण. पुरावा काय, तर त्याच गोळ्यांच्या चिठ्ठ्या, नीट तारखेवार लावलेल्या.

दावा टिकला नाही. नुसतं आजाराचं नाव चिकटवून भागत नाही, तो आजार इतका आणि अशा प्रकारचा हवा की जोडीदाराने त्या व्यक्तीसोबत राहावं अशी अपेक्षाच करता येऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात सांगितलेलं आहे. केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकीने हा निकाल लिहून ठेवा. पण तीन वर्षं गेली. आणि दिराचा मुद्दा त्या तीन वर्षांत एकदाही कुणी तपासला नाही. ती वेडी आहे की नाही एवढ्यावरच सगळ्यांचं बोलणं चाललं.

कुणी म्हणेल, हे तुम्ही कॅन्ससच्या कथेला ओढूनताणून जोडता. तर अमेरिकेतच खरंच घडलेलं सांगते. एलिझाबेथ पॅकार्ड, इलिनॉय राज्य. नवरा कडक पंथाचा पाद्री. हिला त्याची धर्ममतं पटेनात आणि ती ते उघड बोलून दाखवायला लागली. तिथल्या १८५१च्या कायद्याने, इतरांना वेड्यांच्या इस्पितळात टाकायला जो पुरावा लागे तो विवाहित स्त्रीच्या बाबतीत लागत नसे. नवऱ्याने म्हणायचं आणि इस्पितळाच्या प्रमुखाने हो म्हणायचं. १८६० साली तिला आत टाकलं, ती तीन वर्षं तिथे होती. बाहेर आल्यावर नवऱ्याने घरात कोंडलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं. १८६४ साली पंचांनी सात मिनिटांत ती शहाणी असल्याचा निर्णय दिला. सात मिनिटांचं काम, आणि त्याच्यासाठी तीन वर्षं! पुढे तिने आयुष्यभर हिंडून कायदे बदलून घेतले. १८८७ साली नेली ब्लाय ही पत्रकार वेडेपणाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या इस्पितळात दहा दिवस राहिली आणि आत बायकांचं काय चालतं ते तिने छापून आणलं. तेव्हा मर्चने १८९९ सालात जो दवाखाना उभा केला, तो आकाशातून आणलेला नाही.

एक गोष्ट नेमकी सांगायला हवी. आज आपण ज्याला शॉक ट्रीटमेंट म्हणतो ती १९३८ साली रोममध्ये सुरू झाली. डॉक्टर वर्लीचं यंत्र त्याच्या आधीचं, विजेने वाटेल ते बरं करण्याच्या काळातलं. आणि आजची पद्धत, भूल देऊन, स्नायू सैल करणारं औषध देऊन केलेली, तीव्र नैराश्यात उपयोगी पडते असं पुष्कळ डॉक्टर सांगतात. तिचा फायदा झालेल्या बाया मला भेटल्या आहेत, आणि आठवणी गेल्या म्हणून रडणाऱ्याही भेटल्या आहेत. गोळ्यांचंही तेच. औषध घेणाऱ्या मैत्रिणी या खोलीत आहेत, त्यांनी ती घ्यावीत, कुणाच्या भाषणाने थांबवू नयेत. माझं भांडण वेगळं आहे. तिला विचारलं होतं का? तिची संमती होती का? कुणाच्या सांगण्यावरून तिला तिथे नेलं?

आपल्याकडे भूल न देता झटके देण्यावर कायद्याने सरळ बंदी आली ती २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात. त्याचं कलम ९५ पाहा. भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय झटके नाहीत. अज्ञान मुलांना झटके नाहीत, अगदी अपवाद करायचा तर पालकांची संमती आणि मंडळाची आधी परवानगी हवी. साखळीने बांधणं नाही. उपचार म्हणून नसबंदी नाही. हा शेवटचा शब्द वाचताना महाराष्ट्रातल्या जुन्या कार्यकर्त्यांना १९९४ आठवेल. शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली आणि स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. त्या मुलींनाही कुणी विचारलं नव्हतं. पाळीच्या दिवसांत त्यांना सांभाळणं अवघड जातं, एवढं कारण पुरलं.

काल चर्चेत एक ताई म्हणाल्या, "आमच्याकडे डॉक्टरच्या आधी भगत असतो." खरं आहे. त्यासाठी आपल्या राज्यात २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पण माझ्या पाहण्यात दोन्हीकडे बाईला नेण्याची तऱ्हा एकच असते. ती गप्प, नेणारा बोलतो.

आता एम मावशीकडे येऊ. काल तिच्यावर बऱ्याच जणी चिडल्या. मला ती वाईट वाटत नाही, म्हणूनच जास्त भीती वाटते. दमलेली बाई आहे. घर उभं राहत नाही, नवरा हलत नाही, पोर रात्र रात्र जागते. तिला उपाय हवा आहे, आणि उपाय विकणारा समोर आहे. ती डोरोथीला रात्रभरासाठी सोडून जाते तेव्हा तिचा चेहरा पाहिलात ना? तिला काहीतरी खटकतं आहे. तरी ती जाते. केंद्रात मुलीला घेऊन आलेल्या आया आपण रोज पाहतो, त्यांच्याशी आपण कसं वागतो याचा विचार करताना मला ती मावशी फार उपयोगी पडली आहे. तिला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की ती पोरीला घेऊन उठून जाते, आणि मग पोरही हातातून जाते.

नर्स विल्सनचं तसं नाही. काळा पोषाख, ताठ मान, प्रत्येक हुकमाची तामिली. तळघरात बिघडलेले रोगी कोंडले आहेत, त्यांच्या किंकाळ्या ऐकू येतात. हे डोरोथीला कोण सांगतं? तिथलीच दुसरी एक मुलगी. तीच वीज गेल्यावर पट्टे सोडते. आपली गटांची भाषा मी इथे मुद्दाम वापरत नाही, पण आत असलेलीच आत आलेलीला सोडवते, हे चित्र मला आवडलं.

ओझमध्ये पोचल्यावरचा भाग मी भराभर घेते. पाचूचं नगर उजाड, माणसं दगड झालेली, हातापायांना चाकं असलेले गुंड, ज्यांची कुरकुर दवाखान्याच्या गाडीच्या चाकांसारखीच येते. टिकटॉक नावाच्या शिपायाला विचाराची, बोलण्याची आणि हालचालीची अशा तीन वेगळ्या किल्ल्या आहेत. त्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "आमच्या पुढाऱ्यांना बोलण्याची तेवढी दिलेली असते." ते मी नोंदवून ठेवलं आहे!

पण मोंबीपाशी थांबलं पाहिजे. तीच नटी, जीन मार्श, जी नर्स होती. मोंबीच्या दालनात काचेची कपाटं आहेत, प्रत्येकात एका सुंदर बाईचं डोकं. वाटेल तेव्हा ती डोकं बदलते. तिचं स्वतःचं डोकं ३१ नंबरच्या कपाटात बंद. नगरात नाचणाऱ्या मुलींचे पुतळे डोक्यांशिवाय उभे आहेत, ते का, हे तेव्हा कळतं. ती डोरोथीला पारखते: आज काही खास नाही, पण पुढे बरी निघेल, तोपर्यंत कोंडून ठेवू. काल इथे हशा पिकला. मला वाटतं हसण्याचं कारण आपल्याला माहीत आहे. मुलगी पाहायला येणाऱ्या बायका आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. १९०७च्या पुस्तकात ही डोकी बदलणारी एक छचोर राजकन्या होती. सिनेमाने तिला चेटकीण केलं आणि नर्सशी जोडलं. हे मला पूर्ण पटत नाही. सिनेमाच्या शेवटी दवाखाना जळतो, डॉक्टर आपली यंत्रं वाचवायला आत जाऊन मरतो, आणि पिंजऱ्याच्या गाडीतून धिंड निघते ती नर्सची. डॉक्टरला निदान आपल्या कामासाठी मरण आलं, हुकूम पाळणारीला पिंजरा. असं बाहेरही होतंच, पण सिनेमाला ते खटकत नाही.

आणि हो, आगीतून रोगी सगळे वाचतात. २००१ साली ६ ऑगस्टला तामिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेले २८ जण जळून गेले.

नोम राजा हा सिनेमातला खरा कावेबाज माणूस. त्याचं काम करणारा नट तोच, जो डॉक्टर होता. तो डोरोथीला धमकी देत नाही, सौदा देतो. मित्रांचा नाद सोड, मी तुला घरी पाठवतो, आणि घरी गेलीस की ओझचा विचारही तुझ्या मनात येणार नाही. म्हणजे डॉक्टर विजेने जे करणार होता तेच हा मेहेरबानी म्हणून देतो आहे. विसरून जा, सुखी होशील. आपल्याकडे येणाऱ्या किती जणींना घरच्यांनी हेच सांगितलेलं असतं! ती नाही म्हणते, कारण तिचे सोबती त्याच्या दालनात शोभेच्या वस्तू होऊन बसले आहेत. पुढे राजा मरतो तो कोंबडीच्या अंड्याने. त्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा.

बॉमविषयी दोन शब्द, नाहीतर मी त्याला उगाच स्त्रीवादी करून सोडते आहे असं वाटेल. त्याची सासू मॅटिल्डा जॉस्लिन गेज ही मताधिकार चळवळीतली मोठी लेखिका. 'स्त्री, चर्च आणि राज्यसंस्था' या अर्थाच्या शीर्षकाचं तिचं पुस्तक १८९३चं. चेटकिणी म्हणून जाळलेल्या बायकांचं काय झालं ते तिने त्यात लिहिलं. जावयाने गोष्टी लिहाव्यात म्हणून तिने त्याला उत्तेजन दिलं. जावई मताधिकाराच्या बाजूने होता. पण १९०४च्या पुस्तकात विणायच्या सुया घेऊन राज्य ताब्यात घेणाऱ्या मुलींच्या सैन्याची त्याने टवाळीच केली आहे. आणि १८९०-९१मध्ये आपल्या वृत्तपत्रातून त्याने मूळच्या आदिवासी अमेरिकनांचा समूळ नाश करावा असं लिहिलं, तेही विसरायचं नाही.

शेवटाबद्दल काल खूप वाद झाला, आणि रात्री दिवे गेल्यावरही काही जणी कुजबुजत होत्या. डोरोथी घरी येते. घर बांधून झालेलं आहे, तिला स्वतःची खोली मिळाली आहे. आरशात ओझची राणी ओझ्मा दिसते. डोरोथी आनंदाने मावशीला हाक मारते, ओझ्मा ओठावर बोट ठेवते, आणि मावशी आत आल्यावर ही म्हणते, काही नाही, प्रतिबिंब होतं.

तरुण मैत्रिणींचं म्हणणं असं की ही तिची युक्ती आहे, तिने आपलं जग आपल्यापाशी ठेवलं, आता कुणी ते काढून घेणार नाही. मला ते ऐकून बरं वाटलं, पण मी अजून कबूल होत नाही. सुरुवातीला ती दिसेल ते सांगणारी पोर होती. दवाखान्याने तिला झटका दिला नाही, पण जे शिकवायचं ते शिकवलंच. मावशी खूश, कारण पोर आता झोपते. आमच्या केंद्रातली ती बाई दावा जिंकल्यावर भावाकडे राहायला गेली. एकदा सहज विचारलं, आता झोप लागते का? म्हणाली, "लागते. आता कुणाला काही सांगत नाही ना." तिला काय म्हणायचं होतं ते मी नीट विचारायला हवं होतं, पण तिची एसटी लागली होती.

याच्यावर दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी चहानंतर गटात बोलावं, मला ऐकायचं आहे. दुपारच्या सत्रात आपण २०१७च्या कायद्याची तीन कलमं घेऊन बसणार आहोत. कलम ३, समाजाच्या नीती-रिवाजाप्रमाणे कुणी वागत नाही म्हणून तिला मनोरुग्ण ठरवता येत नाही. कलम ५, आपण बरे असतानाच आपल्यावर कोणते उपचार करावेत आणि कोणते करू नयेत हे लिहून ठेवण्याचा हक्क. कलम १४, आपल्या वतीने कोण बोलेल हे आपण ठरवायचं, ते नवरा किंवा भाऊच असायला हवेत असं नाही. कोऱ्या कागदाच्या प्रती काढून आणल्या आहेत. प्रत्येकीने आधी स्वतःचा भरायचा आहे, मग गावी न्यायचा. ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही त्यांनी चष्मे घेऊन या.